धडगावची मुलं चाकणहून परत का येतात?

प्रश्न विचारणारे गृहस्थ मूळचे धुळ्याचे, आता पुण्यात नोकरीला. त्यांच्या मित्रांच्या गटाने गेल्या वर्षी नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यातली, म्हणजे धडगाव भागातली, वीसेक मुलं निवडली. महिनाभर प्रशिक्षण दिलं आणि दिवाळीनंतर चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत लावून दिलं. होळीपर्यंत जवळपास सगळी घरी परतली. ज्या शाळेला त्यांनी संगणक दिले तिथलेही निम्मे वर्ग दिवाळीनंतर ओस पडले. आता ते विचारतात: "या मुलांत जिद्द कमी आहे का? की आमचं काही चुकतंय? पैसे आहेत, वेळ द्यायला माणसं आहेत. नेमकं काय करावं?"

जिद्दीचा मुद्दा आधी निकालात काढू. तुमच्या यादीतल्या बऱ्याच पोरांनी चौदा-पंधराव्या वर्षी आईबापाबरोबर गुजरातेत बारडोलीकडे ऊस तोडलेला असणार. थंडीत पहाटे उठून मोळ्या बांधायच्या, ट्रक आला की रात्री-अपरात्री भरायचा, झोपायला उसाच्या पाचटाची खोपी. ज्यांनी हे काढलं त्यांना बारा तासांची शिफ्ट झेपली नाही, हे मला पटत नाही. ती परत आली त्याला कारणं आहेत, आणि ती कारणं हिशेबात मांडता येतात.

मी कोण तेही सांगतो, म्हणजे उत्तर किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. शहादा, तळोदा, धडगाव या पट्ट्यात शिक्षण आणि रोजगाराच्या कामात माझं अर्धं आयुष्य गेलं. मी स्वतः आदिवासी नाही. तापीकाठच्या बागायती गावातला, घरात अहिराणी बोलणारा, लहानपणी ज्याच्या दारात भिल्ल सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, राबत होता असा माणूस आहे. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं साल ठरायचं, ते मी ओट्यावर बसून पाहिलेलं आहे. त्यामुळे डोंगरातल्या लोकांना काय हवंय याबद्दल माझं मत शेवटचं धरू नका. खालचं बरंचसं मी पावरा आणि वसावे या आदिवासी समाजांतल्या सहकाऱ्यांकडून शिकलोय.

तुमचा प्रश्न मी थोडा वेगळा मांडतो. तुम्ही विचारताय, मुलं का टिकत नाहीत. मी विचारीन, ती नेमकी कुठे सुटतात. आमच्याकडे तापीचं पाणी चार-पाच कोस पाइपलाइनने शेतात आणतात. पाइप मधेच क्वचित फुटतो; गळतो तो जॉइंटवर. शिक्षण-रोजगाराचंही तसंच आहे. घरातून पहिलीत जाताना, चौथीनंतर पाडा सोडून आश्रमशाळेत जाताना, दर दिवाळीनंतर, दहावी-बारावीला दाखले जमवताना आणि नोकरीच्या पहिल्या दोन महिन्यांत मूल सुटतं. मधल्या काळात ते बऱ्यापैकी शिकतं, राबतं, निभावतं. देणगीदारांचा पैसा मात्र बहुतेक वेळा मधल्या पाइपावर जातो: संगणक, रंगकाम, वॉटर प्युरिफायर. जॉइंटचा फोटो चांगला येत नाही.

पुढचं सगळं भागाप्रमाणे बदलतं, हेही आधीच लक्षात घ्या. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत तिथली ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. साक्षरता ६४ टक्के, राज्यात सगळ्यात कमी. पण हा आकडा घेऊन कुठेही गेलात तर फसाल. नवापूरकडे गावित, मावची, कोकणी समाजात शिक्षण जुनं आहे. रेल्वे आहे, डोकाऱ्याला साखर कारखाना आहे, घरटी शिक्षक-नर्स सापडतील. तिथला प्रश्न पदवी घेऊन घरी बसलेल्यांचा. शहादा-तळोद्याच्या सपाटीवर भिल्ल कुटुंबं बहुतांशी भूमिहीन. १९७२ साली अंबरसिंग सुरतवंतींच्या पुढाकारातून श्रमिक संघटना उभी राहिली ती याच भागात, जमीन आणि मजुरीच्या प्रश्नावर. वर सातपुड्यात, धडगाव-मोलगीकडे, जमीन आहे पण उताराची आणि पावसावर अवलंबून. चोपडा-यावल-रावेरकडे पावरा, बारेला आणि तडवी भिल्ल. तिथे कागदपत्रांचा गुंता वेगळाच. मी प्रामुख्याने धडगाव-मोलगी डोळ्यापुढे ठेवून लिहितोय, कारण तुमची मुलं तिथली आहेत.

आता चाकण.

डोंगरातल्या घराचं आर्थिक वर्ष असं चालतं. पावसाळ्यात घरातलं धान्य संपत येतं. श्रावण-भाद्रपदात हातात काहीच नसतं, तेव्हा मुकादम, म्हणजे ऊसतोडीला मजूर नेणारा दलाल, दारात येतो आणि उचल देतो: रोख, कधी धान्य. त्यावर दवाखाना, खत-बियाणं, किराणा भागतो. दिवाळी झाली की नवरा-बायकोचा कोयता (ऊस तोडणाऱ्या जोडीला कोयता म्हणतात) दक्षिण गुजरातच्या कारखान्याला निघतो आणि उचल फेडत राहतो. व्याज भारी असतं, काही ठिकाणी घेतलं त्याच्या दीडपट कापून घेतात. ही लूटच आहे, तिचं समर्थन करायचं नाही. पण मुकादम पैसे आधी देतो, हे विसरू नका.

तुमचा कारखाना पैसे नंतर देतो. पोरगा ५ तारखेला कामावर लागला तर पगार पुढच्या महिन्याच्या १० तारखेला, ठेकेदार मधे असेल तर २० तारखेलाही. तोवर खोलीचं डिपॉझिट, मेस, बूट, गणवेश, बसभाडं, मोबाइलचा रिचार्ज. घरून आणलेले हजार-दोन हजार आठवड्यात संपतात. मग तो ठेकेदाराच्या सुपरवायझरकडून उसने घेतो. पहिला पगार हातात येतो तेव्हा निम्मा कापलेला असतो, आणि का कापला हे कोणी नीट सांगत नाही. त्याच सुमारास घरून फोन येतो, बाप ऊसतोडीवर आजारी पडलाय, कोयता बंद पडेल, ये. इथे परतणारा मुलगा शहाणपणाने वागतोय. तुमच्या-माझ्या घरातला मुलगाही हेच करील.

आम्ही मुलं कामाला पाठवतो तेव्हा पहिल्या दोन महिन्यांचं राहणं-जेवण गटाच्या खर्चाने करतो. पूर्ण अनुदान नाही; अर्धं पुढे तो फेडतो, बिनव्याजी, सवडीने. प्रशिक्षणाच्या दिमाखदार कार्यक्रमापेक्षा या पैशाने जास्त मुलं टिकवली. दुसरी काळजी म्हणजे एकटा पोरगा कधी पाठवत नाही. एकाच पाड्यातली किंवा लगतच्या पाड्यांतली चार-पाच जण, एकाच खोलीत, जमल्यास एकाच शिफ्टला. निवड चाचणीत पहिल्या आलेल्या वीस जणांना वीस गावांतून उचललंत तर कागदावर गुणवत्ता दिसेल. खोलीत मात्र वीस परके असतील.

तिसरी गोष्ट जागेची. तुम्ही चाकण निवडलं कारण तुमची ओळख तिथे आहे. पोरांची ओळख सुरत, अंकलेश्वर, वापीला आहे. अक्कलकुव्यावरून अंकलेश्वरला थेट महामार्ग आहे, नंदुरबारहून सुरतेला थेट गाडी आहे. तिथे कोणाचा मामा आहे, कोणाचा चुलतभाऊ. अडल्या-नडल्याला रात्रीत घरी पोचता येतं, आणि घरी पोचता येतं म्हणूनच पोरगा कामावर परत जातो. पुणे वाईट नाही. पण पहिली नोकरी जवळची आणि दुसरी लांबची, हा क्रम आमच्याकडे जास्त चाललाय.

आणि होळी. सातपुड्यात दिवाळीपेक्षा होळी मोठी. आधी भोंगऱ्याचे, म्हणजे होळीआधीचे, बाजार, मग काठी गावची होळी, मग गावोगावच्या होळ्या. ज्याने नवस बोललाय तो बावा किंवा बुध्या होतो, अंगावर पांढरी नक्षी, कमरेला घुंगरं, ठरलेले दिवस पाळणूक. लग्नं जमतात ती याच दिवसांत. ऊसतोडीच्या टोळ्यासुद्धा होळीसाठी गावी येतात, मुकादमालाही ते थांबवता येत नाही. तुमच्या ठेकेदाराने मार्चमध्ये सुट्टी नाकारली असेल, तर मुलं गेली याचं आश्चर्य नाही. ही सुट्टी कामावर लावण्याआधीच ठरवून घ्या. आम्ही कारखान्याशी बोलताना सरळ सांगतो: गणपतीला यांना रजा नको, होळीला आठ दिवस द्या, आणि ते आठव्या दिवशी परत येतील याची जबाबदारी आमची. व्यवहारी मॅनेजर हे मान्य करतो, कारण गणपतीत त्याला माणसं हवीच असतात.

शाळेकडे वळतो. तुम्ही दिलेले संगणक वाया गेले असं मी म्हणणार नाही, पण दिवाळीनंतर वर्ग ओस का पडतो याचा आणि संगणकाचा संबंध नाही. आईबाप निघाले की सांभाळायला कोणी नसलेलं मूलही निघतं. थोरली मुलगी आधी निघते, कारण तिकडे धाकट्याला कोण पाहणार? यावर सरकारी उपाय आहेत: हंगामी वसतिगृह, स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड. कागदावर दोन्ही बरे आहेत. कार्ड मात्र महाराष्ट्राच्या शाळेने दिलेलं आणि मूल गुजरातच्या उसाच्या फडात, जिथली शाळा गुजराती माध्यमाची आणि तीही दोन कोसांवर. माझा अनुभव सांगतो की मूल गावातच ठेवता आलं तर ठेवावं, आणि ते बहुधा आजीजवळ राहतं. मग प्रश्न आजीच्या चुलीचा होतो: तिच्याकडे दोन-तीन नातवंडांना पुरेल एवढं धान्य आहे का, मूल तापलं तर दवाखान्यात कोण नेईल, संध्याकाळी अभ्यासाला कोणी बसवेल का. हंगामी वसतिगृहाच्या प्रस्तावाची वेळ दिवाळीआधीच येते. गुरुजींनी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाड्यापाड्यावर जाऊन कोणती कुटुंबं जाणार याची यादी केली तर ते वेळेत सुरू होतं, नाहीतर मंजुरी येते तेव्हा टोळ्या परतत असतात. या यादीसाठी एक स्थानिक कार्यकर्ता मिळाला तर गुरुजी हात जोडून आभार मानतील.

पहिलीचा जॉइंट थोडा जवळून दाखवतो. डोंगरातलं मूल घरी पावरी किंवा भिलोरी बोलतं. गुरुजी जळगावचे, कधी लातूर-नांदेडचे. ते मराठी बोलतात, मूल गप्प बसतं, आणि वर्षअखेरीस "अबोल, मंद" असा शेरा पडतो. आमची एक पावरा कार्यकर्ती एका द्विशिक्षकी शाळेत मदतीला जायची. सोमवारच्या बाजाराला कोण गेलं होतं, एवढंच ती पावरीत विचारायची. मुलं एकदम बोलायला लागत: कोणी कोंबडी विकली, कोणाच्या बापाने नवी दोरी घेतली, कोण गाडीच्या टपावर बसून आलं. ती त्यातली तीन वाक्यं मुलांच्याच बोलीत देवनागरीत फळ्यावर लिहायची, खाली तीच मराठीत. मुलं आधी आपली वाक्यं वाचायची, कारण काय लिहिलंय ते त्यांना माहीतच असे, आणि मग खालची. पावसाळा संपेस्तोवर तीच मुलं गुरुजींना मराठीत उत्तरं देऊ लागली. गुरुजींनीही तेवढ्यात शंभरेक पावरी शब्द उचलले आणि हजेरी घेताना वापरू लागले. यात खर्च म्हणाल तर त्या बाईंचं मानधन.

नर्मदाकाठच्या बुडितातल्या गावांत १९९० च्या दशकात नर्मदा बचाव आंदोलनाने जीवनशाळा सुरू केल्या, त्यांतही गावातलेच तरुण शिक्षक होते आणि सुरुवात मुलांच्या बोलीतून होती. आंदोलनाबद्दल तुमचं मत काहीही असो, त्या शाळांतून शिकून बाहेर पडलेली मुलं भेटा आणि त्यांच्याशी बोला. संगणकांची पुढची खेप पाठवण्याआधी तरी नक्की.

आश्रमशाळेबद्दल थोडक्यात. पाचवीत गेलेलं मूल पहिल्या पंधरा दिवसांत पळून येतं, किंवा दिवाळीला आलं की परत जात नाही. इथेही चार-पाचच्या गटाचाच नियम. पाड्यातली मुलं एकत्र गेली की टिकतात. मुलींच्या बाबतीत आईने जाऊन झोपायची खोली, न्हाणीघर आणि अधीक्षिका पाहिलेली असली की फरक पडतो. आयांना एकदा जीपने नेऊन दाखवून आणा, जीपचं भाडं तेवढं तुम्ही द्या. नामांकित इंग्रजी शाळांची योजना, एकलव्य शाळा हे पर्यायही आहेत. हुशार मुलासाठी चांगले, पण मूल घरापासून फार लांब जातं. तो निर्णय घरच्यांना घेऊ द्या, आपण भरीला घालू नये.

आता कागदपत्रं. नोकरी आणि उच्च शिक्षणात या भागातल्या मुलांची सगळ्यात जास्त वर्षं कशात वाया जात असतील तर यात, आणि बाहेरून आलेल्या मदतगटांना हे काम कंटाळवाणं वाटतं म्हणून कोणी हात घालत नाही. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

कुठल्याही डोंगरातल्या शाळेचं रजिस्टर उघडा, निम्म्या मुलांची जन्मतारीख १ जून दिसेल. जन्माची नोंदच नव्हती, गुरुजींनी प्रवेशासाठी सोयीची तारीख टाकली. आधारवर १ जानेवारी. बारशाला ठेवलेलं नाव एक, शाळेत गुरुजींनी "सुधारून" लिहिलेलं दुसरं, बँकेत तिसरं. शाळेत असेपर्यंत काही अडत नाही. बारावीनंतर शिष्यवृत्तीचा अर्ज, बँक खात्याला आधार जोडणी, कारखान्यात पीएफ, सगळीकडे एकदम अडतं.

त्याहून मोठी अडचण जात वैधतेची. जातीचा दाखला प्रांताकडून मिळतो, पण अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंगसारखा प्रवेश किंवा राखीव जागेवरची सरकारी नोकरी हवी तर पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. राज्याचा कायदा २००१ पासून लागू आहे. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० ही तारीख महत्त्वाची. कुटुंब त्या वेळी कुठे राहत होतं आणि त्याच्या जमातीची नोंद काय होती याचे जुने पुरावे मागतात. आजोबांचा शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा मागतात, आणि आजोबा शाळेत गेलेलेच नसतात. सातपुड्यातली बरीच गावं पूर्वी वनगावं होती, महसुली दप्तर तिथे उशिरा पोचलं. म्हणजे खरा आदिवासी जितका डोंगरात, तितका त्याचा पुरावा पातळ.

आणखी एक पेच. महाराष्ट्राच्या यादीत पावरा, वसावे, तडवी भिल्ल ही नावं भिल्ल या एकाच नोंदीखाली येतात. गावित, मावची, पाडवी दुसऱ्या नोंदीत. घरातल्या थोरल्याच्या दाखल्यावर "भिल्ल", धाकट्याच्या दाखल्यावर "पावरा", बापाच्या रजिस्टरमध्ये नुसतं "हिंदू". समितीचा कारकून विसंगती म्हणून शेरा मारतो आणि फाइल वर्षभर मागे. तडवी भिल्लांत बरेच जण मुस्लीम, म्हणून त्यांच्या फाइलमध्ये धर्मावरून शंका निघते. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही, तरी ते प्रत्येक वेळी लिहून द्यावं लागतं.

उपाय कंटाळवाणा पण हमखास आहे. आठवीत असतानाच काम सुरू करा. वंशावळ लिहून घ्या, आजोबांच्या पिढीपर्यंत, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कोणाला वैधता मिळालीय का ते शोधा. चुलत्याची किंवा चुलत आत्याची मिळाली तर निम्मं काम झालं. तहसीलच्या अभिलेखातून जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, जमिनीचे जुने उतारे काढा. नाव-तारखेतला फरक दहावीचा फॉर्म भरण्याआधी दुरुस्त करा, कारण बोर्डाच्या गुणपत्रिकेवर एकदा छापलं की दुरुस्ती महाग पडते. एका कुटुंबाची फाइल नीट लागली की त्याच भावकीतल्या पुढच्या सगळ्या मुलांना ती चालते. तुमच्या गटात कोणी वकील किंवा निवृत्त महसूल कर्मचारी असेल तर तो दहा संगणकांपेक्षा जास्त कामाचा आहे.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पोरांच्या डोक्यात सध्या नोकरी म्हणजे पोलीस भरती. पहाटे शहादा रस्त्यावर, धडगावच्या घाटात पोरं-पोरी धावताना दिसतील. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे. डोंगरातली पोरं धावण्यात कोणाला ऐकत नाहीत, लेखीत मागे पडतात. अकॅडमीवाले फी घेत राहतात आणि वय निघून जातं. पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे आदिवासी भागांतल्या ग्रामसभांच्या खास कायद्याखालच्या गावांतल्या, स्थानिकांसाठीच्या पदांची भरतीही न्यायालयीन वादात अशी रखडली की एका पिढीची उमेद गेली. भरतीची तयारी करू नका असं मी कोणाला सांगत नाही. सोबत आयटीआय किंवा नर्सिंग असलंच पाहिजे, एवढा हट्ट धरतो. मुलींच्या बाबतीत नर्सिंगने या भागात जेवढी घरं सावरली तेवढी दुसऱ्या कुठल्या अभ्यासक्रमाने नाही. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर आदिवासी विभागाची स्वयम योजना आहे, राहण्या-जेवण्याचे पैसे थेट खात्यात येतात. उशिरा येतात, म्हणून इथेही मधल्या दोन-तीन महिन्यांची तजवीज लागते. चाकणसारखाच प्रकार.

थोडक्यात आतापर्यंतचं: पैसा उशिरा येतो, माणूस एकटा पडतो, कागद जुळत नाहीत, आणि वर्षाचं वेळापत्रक दुसऱ्याच कोणाच्या सोयीचं असतं. मुलाच्या अंगच्या गुणांचा यात कुठेच प्रश्न नाही.

प्रत्येकाने बाहेरच जायला हवं असंही नाही. वनहक्क कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली, चार हेक्टरपर्यंतची वनजमीन त्यात आदिवासी कुटुंबाच्या नावावर होते. पट्टा मिळाला, त्यावर रोजगार हमीतून बांधबंदिस्ती किंवा विहीर झाली आणि रब्बीचं एक पीक निघालं, की त्या घरातला कोयता बंद होतो. कोयता बंद झाला की मुलं शाळेत राहतात, कोणी समुपदेशन न करता. आम्ही शाळेची हजेरी वाढवण्यासाठी जेवढे उद्योग केले त्यात सगळ्यात गुण आला तो विहिरींचा. रोजगार हमीचं काम मागताना मात्र लेखी मागणी आणि तारखेची पोच घ्यायला लावा. पोच नसेल तर मागणी केलीच नाही असं धरलं जातं.

धडगाव-मोलगीचा आमचूरही पाहा. चैत्र-वैशाखात घरोघरी कैऱ्या सोलून, फोडी करून उन्हात वाळवतात, कौलांवर, खडकावर, जमिनीवर. पांढरी, स्वच्छ फोड चांगल्या भावाने जाते. माती लागलेली, काळी पडलेली पडेल भावाने. पुन्हा व्यापाऱ्याची आगाऊ रक्कम घेतलेली असली की भाव तोच ठरवतो. ताडपत्री, जाळीचे तट्टे, दोन महिने माल ठेवायला कोरडी खोली आणि तेवढे दिवस घर चालेल एवढी उचल बचत गटाकडून: या चार गोष्टींवर बायकांच्या हातात राहणारा पैसा वाढतो. त्यांच्या हातातल्या पैशातून मुलीची फी भरली जाते, हे आम्ही वारंवार पाहिलंय.

गावात जाण्याची रीत राहिली. तुम्ही सरपंचाला भेटून आणि शाळेत नारळ फोडून काम सुरू केलं असणार. सरपंच एक, पाडे आठ-दहा, आणि प्रत्येक पाड्याचा कारभारी वेगळा. पेसा कायद्याने पाड्याची स्वतंत्र ग्रामसभाही होऊ शकते. काही जाहीर करण्याआधी पाड्यावर संध्याकाळी बसा, आणि पहिल्या बैठकीत काहीही देऊ नका. लोक बोलत नसतील तर घाई करू नका. तुमच्यापुढे "हो" म्हणणं हा तिथला शिष्टाचार आहे, होकार नव्हे. बायका मागे बसतात, त्यांच्याशी आमच्या कार्यकर्त्या वेगळ्या बोलतात. शाळेचं काम असेल तर शाळा व्यवस्थापन समितीतून करा. कायद्याने तिच्यात पाऊण सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. बऱ्याच ठिकाणी ती फक्त सह्यांपुरती असते, पण तुमचा पैसा तिच्या ठरावाने खर्च होणार असं म्हटलंत की बैठका भरायला लागतात. माझ्या ओळखीच्या एका समितीने देणगीदाराचे बेंच नाकारून ओढ्यावर पायपूल मागितला. पावसाळ्यात पलीकडची मुलं येत नव्हती, बेंचवर बसणार कोण?

तुमच्या जागी मी असतो तर या वर्षीचा पैसा असा लावला असता. गावातलेच बारावी झालेले एक मुलगा-एक मुलगी, पूर्ण वेळ, तीन वर्षं तरी पगार चालू राहील या हमीवर. त्यांच्याकडे आठवी ते बारावीच्या मुलांचे दाखले, दिवाळीआधीची स्थलांतराची यादी आणि कामाला गेलेल्या मुलांशी फोनवर संपर्क. नोकरीला जाणाऱ्यांसाठी दोन महिन्यांचा फिरता निधी. चाकण किंवा अंकलेश्वर, जिथे मुलं असतील तिथे तुमच्यापैकी एक जण रविवारी खोलीवर जाऊन चहा पिणारा. बांधकाम काही नको. तीन वर्षं देता येत नसतील तर एकाच गोष्टीत हात घाला, दाखल्यांच्या. ते काम अर्ध्यावर सुटलं तरी जेवढ्या फाइली लागल्या तेवढा फायदा राहतो.

पण त्याआधी त्या परतलेल्या मुलांकडे जा. शिबिराला बोलावू नका, त्यांच्या घरी जा, होळीनंतरच्या आठवड्यात बहुतेक सापडतील. शेवटच्या महिन्याचा पगार मिळाला का, पीएफ कापला होता का, यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, कोणाकडे आहे, आधारवरचं आणि बँकेतलं नाव जुळतं का, एवढं विचारा. अर्ध्या जणांचे तरी पैसे ठेकेदाराकडे किंवा पीएफ खात्यात अडकलेले निघतील असा माझा अंदाज आहे. ते मिळवून द्या. पुढच्या तुकडीला कोण येणार आणि कोणत्या अटीवर येणार, हे मग तीच मुलं तुम्हाला सांगतील.